नमुना नोट आणि नव्या देशाची ओळख

मी मैसूरच्या बन्नीमंटपमधून बोलतोय. दसऱ्याची जंबो सवारी राजवाड्यातून निघते ती इथे येऊन संपते. बन्नी म्हणजे आपली शमी. महाराष्ट्रात आपण दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतो. त्या पानाला बाजारात किंमत नाही, पण देणारा आणि घेणारा दोघांनी ते सोनं मानलेलं असतं. कागदी पैशाचंही तसंच आहे. आमच्या शहरात रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटांचा छापखाना आहे, नोटांच्या कागदाची गिरणीही आहे. तेव्हा नोटांवर बोलायला गाव बरं आहे!

आजचा विषय आहे स्पेसिमेन, म्हणजे नमुना नोटा, आणि त्याही आफ्रिकेतल्या एका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या. देश आहे मॉरिशस.

आधी नमुना नोट म्हणजे काय ते सांगतो. नवी नोट चलनात आणण्यापूर्वी ती ओळखता यावी म्हणून तिचे नमुने बँकांना पाठवतात. त्यावर बहुधा लाल शाईत आडवं 'स्पेसिमेन' छापलेलं असतं, क्रमांकाच्या जागी अनेकदा नुसती शून्यं असतात आणि कित्येकदा नोटेला भोकं पाडलेली असतात. हेतू एकच, कोणी ती खर्चू नये. म्हणजे ही अशी नोट, जिने आयुष्यात एक केळंही विकत घेतलेलं नाही! मग ती जमवायची कशाला? कारण नोट वापरून मळते, फाटते, रद्द होते. नमुना मात्र छापला तसाच राहतो. त्या देशाने जगाला आपली ओळख कशी करून दिली, हे त्यावर स्वच्छ दिसतं.

मॉरिशसला स्वातंत्र्य मिळालं १२ मार्च १९६८ रोजी. गांधीजींची दांडीयात्रा १२ मार्चलाच सुरू झाली होती. त्यांची मध्यवर्ती बँक आदल्या वर्षी, १९६७ मध्ये सुरू झाली आणि ५, १०, २५ आणि ५० रुपयांच्या नोटा निघाल्या. हो, रुपयेच. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर आपला रुपया तिथे पोचला होता आणि १८७६ मध्ये तिथल्या कायद्याने तोच धरला. या चारही नोटांवर चेहरा आहे तो इंग्लंडच्या राणीचा. पण मागची बाजू पाहा. ५ वर शिडाची होडी, १० वर सरकारी इमारत, ५० वर पोर्ट लुईच्या बंदरातली जहाजं आणि २५ वर बैलगाडी. पुढे राणी, मागे बैलगाडी! त्या बेटावर १८३४ पासून करारावर माणसं नेली ती उसाच्या मळ्यांसाठी. त्यांत बिहारची, तमिळ मुलखातली माणसं होती, तशी आपल्या कोकणातलीही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

या चार नोटांचा नमुना संच १९७८ मध्ये खास संग्राहकांसाठी निघाला. क्रमांकाआधी माल्टीज क्रॉसची खूण असते, त्यावरून तो ओळखावा. नवा संग्राहक असाल तर सुरुवात इथून करा.

आता खरी गंमत, किंवा खरी अडचण म्हणा. १९९८ ची नवी मालिका निघाली. २५ पासून २००० रुपयांपर्यंत सात नोटा, सात चेहरे. त्यांत चिनी वंशाचे आ-च्युएन, फ्रेंच वंशाचे पातुरो, तमिळ सीनीवासेन, मुस्लिम रझाक मोहम्मद, हिंदू बिसूनदयाल, क्रिओल नेते दुवाल आणि सगळ्यात मोठ्या नोटेवर राष्ट्रपिता शिवसागर रामगुलाम. कोणाला वगळलं नाही. तरी वाद पेटलाच. कशावरून? अक्षरी रकमेच्या ओळींवरून. इंग्रजीखाली नागरी ओळ आली आणि तमिळ तिच्याखाली गेली. तमिळ समाजाने जोरदार हरकत घेतली. आम्ही बेटावर आधी आलो, आमची ओळ खाली का? शेवटी त्या नोटा मागे घेतल्या आणि १९९९ मध्ये तमिळ वर, नागरी खाली अशा नव्या छापल्या. एका ओळीची अदलाबदल, पण त्यासाठी सगळी मालिका पुन्हा छापावी लागली. म्हणून संग्राहक १९९८ आणि १९९९ ची नोट शेजारी शेजारी लावतो. त्या दोन नोटांमध्ये देशाचा एक समझोता दिसतो.

याच्या उलट उदाहरण कटांगाचं. मी फौजेतला माणूस, त्यामुळे हे नाव विसरता येत नाही. काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि लगेच कटांगा प्रांताने फुटून शोंबे यांच्या चेहऱ्याच्या नोटा काढल्या. संयुक्त राष्ट्रांतर्फे आपलं सैन्य तिथे होतं. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल इथे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. १९६३ मध्ये कटांगा संपला. त्याच्या नोटांचे नमुने आज लिलावात मिळतात. छपाई उत्तम आहे, पण नोट छापली म्हणून देश होत नाही.

विकत घेताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, भिंगातून 'स्पेसिमेन' हा शिक्का पाहा. घड्या पडलेल्या, वापरलेल्या नोटेवर तो असेल आणि क्रमांकही नेहमीचा चालू असेल, तर शिक्का मागाहून मारलेला असण्याची शंका घ्या. दुसरी, विक्रेत्याला थेट विचारा की हा बँकेचा नमुना आहे की संग्राहकांसाठी काढलेला. दोन्ही खरेच, पण किंमत एक नव्हे. तिसरी, लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, पीव्हीसीचे स्वस्त अल्बम नकोत. पॉलिस्टरचे पारदर्शक खिसे घ्या आणि पावसाळ्यात दमटपणा सांभाळा.

आता खिशातली आपली नोट काढा. मागच्या पट्टीवर पंधरा भाषा आहेत. कन्नड चौथी, मराठी आठवी. इथे माझ्या शेजाऱ्याची भाषा माझ्या भाषेच्या वर आहे आणि त्यावरून आमचं कधी भांडण झालेलं नाही. कारण तो मान-अपमानाचा क्रम नाही, भाषांच्या इंग्रजी नावांचा अकारविल्हे क्रम आहे. साधा नियम, सर्वांना सारखा. मॉरिशसच्या त्या दोन नोटा शेजारी ठेवल्या की या नियमाचं मोल कळतं.