न्हाणीघरातला दिवा



आज आपण न्हाणीतल्या दिव्याविषयी बोलू. विषय लहान वाटेल. पण घरात वीज आणि पाणी जवळ येतात ते न्हाणीत. म्हणून हा विषय जिवाशी आहे.

भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजघर आहे. पाण्याच्या जोरावर वीज होते, हे भोरच्या माणसाला सांगायला नको. पण घरात तीच दोघे एकत्र आली की घात होतो, हे सांगावे लागते.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. उंच टाकीचे पाणी जोरात येते, बुटक्या टाकीचे हळू येते. तसेच हे. कोरडी कातडी विजेला थोडी अडवते. ओली कातडी फारशी अडवत नाही. अंघोळीच्या वेळी अंग ओले, पायही ओल्या फरशीवर. अशा वेळी उघड्या तारेला हात लागला तर माणूस दगावतो. वेल्ह्याकडे तर पावसाळ्यात भिंती पाझरतात. तिथे जास्तच जपले पाहिजे.

यावर एक चांगला उपाय आहे. छतात बसवायचे १२ व्होल्टचे छोटे एलईडी दिवे मिळतात. त्यांच्याबरोबर एक डबी लागते. वायरमन तिला ड्रायव्हर म्हणतात. ती २३० व्होल्टचा दाब उतरवून १२ व्होल्ट करते. दुकानात एस.ई.एल.व्ही. जातीची डबी मागा. तीत घरची वीज आणि दिव्याची वीज अगदी वेगळी ठेवलेली असते.

एक मात्र पहा. २३० व्होल्टचे दिवेही दिसायला असेच असतात. म्हणून खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. तो इंग्रजीत असतो, पण आपल्याला तो ओळखता आला पाहिजे. दिव्यावर आय.पी. ६५ असेही लिहिलेले असावे. म्हणजे पाण्याचा फवारा लागला तरी पाणी आत जात नाही.

आता दिवे बसवायचे कसे? स्लॅबला भोके पाडू नका. आत सळया असतात. स्लॅबच्या खाली चार बोटे जागा सोडून पीव्हीसी पट्ट्यांचे छत करतात. त्याला भोक पाडून दिवा आत सरकवायचा. दिव्याच्या स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. वर कापड किंवा भुसा ठेवू नका. दिव्याची ऊब निघून गेली पाहिजे.

डबी न्हाणीत ठेवू नका. ती बाहेर, कोरड्या आणि हात पोचेल अशा जागी लावा. बटणही बाहेरच हवे. दिव्यासाठी आत जाईल ती फक्त १२ व्होल्टची तार.

कुणी म्हणेल, "गुरुजी, दाब कमी, मग बारीक तार चालेल ना?" नाही चालणार. दाब कमी असला की तेवढ्याच उजेडाला प्रवाह जास्त लागतो. ६ वॉटचे ३ दिवे म्हणजे १८ वॉट. १२ व्होल्टवर त्यांना दीड अँपियर लागतो. तार बारीक किंवा फार लांब असली तर शेवटचा दिवा मंद जळतो. सांधा ढिला असला तर तापतो. डबीही १८ वॉटची नको, २५ वॉटची घ्या.

दुसरा कुणी म्हणेल, "बारा व्होल्टचे आहे, मग मीच जोडतो." तसे करू नका. डबीच्या एका अंगाला २३० व्होल्ट असतातच. ते काम परवाना असलेल्या वायरमनचे. तोही आधी मेन स्विच बंद करील, टेस्टरने पाहील, मगच हात लावील. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. स्विचही बसवून घ्या. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

नवा दिवा आला म्हणून गाफील राहू नका. बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टचाच असतो. तो चालू असता पाण्यात बोट घालून पाहू नका.

कुणाला वीज लागलीच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा. मग लगेच दवाखान्यात न्या.

छतावरच्या तारा दिसत नाहीत. दृष्टीआड सृष्टी! म्हणून छत झाकण्याआधी काम नीट पाहून घ्या. आणि आज घरी गेल्यावर न्हाणीत नजर टाका. उघडी तार किंवा ओल्या हाताला लागेल असे बटण दिसले, तर मेन बंद करा आणि वायरमनला निरोप धाडा. हे काम उद्यावर टाकू नका.