रिकामी बरणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय ऐकून चिटणीसांच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. शिक्षण, विवाह, वसतिगृह असे थोर विषय असता रिकाम्या बरण्यांवर काय बोलावयाचे, असे त्यांस वाटले असावे. परंतु आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविले. लहान वस्तूवरून मोठा धडा शिकविणे, हाच आमचा व्यवसाय होता. म्हणून थोडा वेळ क्षमा असावी.

आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरात एक फळी केवळ बरण्यांची होती. दोन चिनी मातीच्या, दादरा बांधलेल्या. बाकीच्या काचेच्या, कोणी दिलेल्या, कोठून मागून आणलेल्या. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्या सर्व खाली उतरत, गरम पाण्याने धुतल्या जात आणि अंगणात उन्हात पालथ्या पडत. मग साखरांबा, गुळांबा, मोरावळा, ज्याची त्याची बरणी ठरलेली असे. १९७२ साली आपल्या जिल्ह्यात पाऊस झाला नाही. वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. घरी रेशनचा तांबडा मिलो येई. पुढील उन्हाळ्यात कैरी नव्हती, साखर नव्हती, गूळही नव्हता. तरीही मातोश्रींनी बरण्या नेहमीप्रमाणे उतरविल्या, धुतल्या, वाळविल्या आणि रिकाम्याच पुन्हा फळीवर मांडल्या. आम्ही विचारले, "आई, यात घालावयाचे काय?" त्या म्हणाल्या, "यंदा काही नाही. पण बरणी घाण राहिली तर पुढल्या वर्षीही काही नाही." ते वाक्य आम्ही पन्नास वर्षे विसरलो नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळू. अन्न बंद भांड्यात टिकविण्याची आधुनिक रीत फ्रान्समधील निकोला अपेर या हलवायाने शोधली. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत अन्न भरावयाचे, बूच घट्ट बसवावयाचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवावयाची, एवढीच त्याची कृती. तिच्याबद्दल १८१० साली फ्रेंच सरकारने त्यास बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. उष्णतेने सूक्ष्म जंतू मरतात, हे पाश्चरने पुढे सुमारे अर्धशतकाने दाखविले. आज जी आट्याच्या झाकणाची बरणी आपण वापरतो, तिचे पेटंट अमेरिकेत जॉन मेसन याने १८५८ साली घेतले.

आपल्या महाराष्ट्रात काचेची कथा स्वदेशीच्या चळवळीशी जोडलेली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एकेका पैशातून काच निर्माण करणाऱ्या पिढीचे आपण वारस आहोत. आणि आज आपल्याच घरातून चांगली धडधाकट बरणी कचऱ्याच्या गाडीत जाते! वाळू, सोडा व चुनखडी भट्टीत सुमारे पंधराशे अंशांपर्यंत तापवावी, तेव्हा कोठे काच होते. ती एकदाच वापरून फेकणे हा त्या विस्तवाचाच अपमान होय.

बरे, भरावयास आपल्याकडे काय कमी आहे? राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचे लिंबू, संगमनेरकडील डाळिंब, अकोल्याच्या डोंगरातील करवंदे व जांभळे. साखरेचे तर विचारूच नका. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० साली, आपल्याच जिल्ह्यात.

आता कृतीकडे येऊ. भगिनींना ती आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, पण नव्या सुनांसाठी सांगतो. बरणीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. टवका उडालेली किंवा तडा गेलेली बरणी बाद करावी. कागदी चिठ्ठी कोमट पाण्यात भिजवून काढावी. डिंक राहिल्यास खोबरेल तेल चोळावे. पातेल्याच्या तळाशी फडके घालून बरण्या थंड पाण्यातच ठेवाव्यात आणि मग पाणी तापवून दहा मिनिटे उकळू द्यावे. एकदम उकळत्या पाण्यात थंड काच टाकली तर ती तडकते. गरम मुरंबा गरम बरणीतच भरावा आणि बरणी लाकडी पाटावर ठेवावी, थंड शहाबादी फरशीवर ठेवू नये. तोंडाशी बोटभर जागा सोडावी. गंजलेले वा चेपलेले झाकण घेऊ नये. लोणच्याच्या मिठाने व आंबटाने पत्रा खातो, तो पुढे अन्नात उतरतो. प्लास्टिकच्या बरणीत गरम पदार्थ कदापि भरू नये. पेरू, कैरी यांच्या अंगी गोठण्याचा गुण स्वतःचाच असतो. पिकल्या आंब्यास लिंबू पिळावे लागते. आणि आपले नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळते. म्हणून मुंबईच्या पुस्तकातील एकशे पाच अंशांची वाट पाहत बसल्यास जॅमचा दगड होईल; आपल्याकडे एकशे तीन अंश पुरेत.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आमची मान खाली जाते. १९८७ साली आम्ही अकोले तालुक्यातील एका वाडीवर नोकरीस होतो. बाटल्या जपण्याचा आम्हांस अभिमान. सरबताची एक रिकामी बाटली आम्ही शेजारच्या घरी दिली. तिच्यावरील संत्र्याचे चित्र आम्ही काढले नव्हते. त्या घरी तिच्यात रॉकेल भरले गेले. तिसरीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने खेळून आल्यावर सरबत समजून ते तोंडाला लावले. आम्ही धावलो आणि शहाणपणाने त्याला मिठाचे पाणी पाजून ओकावयास लावले. इस्पितळात डॉक्टर आम्हांवर रागावले, ते योग्यच होते. रॉकेल प्यालेल्यास कधीही ओकवू नये. ओकताना ते फुप्फुसात शिरते. मुलास न्यूमोनिया झाला. बारा दिवसांनी तो घरी आला, ही देवाची कृपा. त्याच्या आईने आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही. ते मौन आम्ही अजून सोबत बाळगून आहोत.

तेव्हा काटकसरीला विवेकाची जोड हवी. खाद्याच्या बरणीत रॉकेल, फिनेल, फवारणीचे औषध कदापि भरू नये. आणि ज्या भांड्यात विष राहिले, ते शंभर वेळा धुतले तरी स्वयंपाकघरात आणू नये. दुसऱ्यास बाटली देताना जुनी चिठ्ठी काढूनच द्यावी, आणि भरलेल्या बरणीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी.

शेवटी एक सूचना मांडतो. पुढील संमेलनास प्रत्येक कुटुंबाने चार स्वच्छ काचेच्या बरण्या आणाव्यात. मंडळाच्या कार्यालयात एक फळी त्यांच्यासाठी राखावी. कैरीच्या हंगामापूर्वी ज्या भगिनीस हव्या असतील तिने न्याव्यात, न विचारता, न लाजता. आपल्या ज्ञातीत एकट्याने संसार ओढणाऱ्या भगिनी आहेत. मुरंबे करून विकण्याची त्यांची इच्छा असेल, तर त्यांच्यासाठी नवी बरणी व नवे झाकण मंडळाने घाऊक भावात आणून द्यावे आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीचा अर्ज आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी भरून द्यावा. जुन्या बरण्या घरच्यासाठी, नव्या विक्रीसाठी, हा भेद मात्र पाळावा.

मातोश्री आता नाहीत. त्यांची फळी आहे, बरण्या आहेत. यंदा नातीने त्यांतील एकीत पेरूचा जॅम भरला आणि वर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली. आम्ही पहिल्या चार बरण्या आजच सोबत आणल्या आहेत. चिटणीसांनी त्या ताब्यात घ्याव्यात, ही विनंती.