बाळंतपणाची रजा आणि बढतीची फाइल

आपल्या लेकी-सुना आता कॉलेजात शिकवू लागल्या आहेत. एकदा नोकरी लागली की काळजी मिटली, असं आपल्याला वाटतं. पण प्राध्यापकांची बढती आपोआप होत नाही. कागद जमवून प्रस्ताव स्वतःच द्यावा लागतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, नसेल तर ५ किंवा ६ वर्षं नोकरी झालेली लागते. सोबत दरवर्षीचा कामाचा अहवाल, घेतलेल्या तासांची नोंद, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं जोडावी लागतात.

मग बाळंतपणाच्या रजेत तास झाले नाहीत, त्याचं काय? घाबरू नका. बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची पगारी रजा मोजणीतून वगळतात आणि उरलेल्या काळातलं काम पाहून श्रेणी देतात. रजेमुळे तिचं नुकसान होऊ नये, असं नियमातच लिहिलंय. रजामंजुरीचा कागद मात्र फाइलीत हवा.

गटाचा हिशेब आपण बैठकीतच लिहितो ना? तसंच लेकीला सांगा, कागद आला की त्याच दिवशी फाइलीला लाव. आणि ती फाइल घेऊन बसली, की तासभर तिचं लेकरू तुम्ही सांभाळा.