पालघर ते पालघर

ज्याला मोटार चालवता येत नाही त्याने मोटारींच्या शर्यतीवर बोलायचं, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. मला आजही चालवता येत नाही. बोईसरला नोकरी आणि पालघरला घर, मध्ये रेल्वे आहे. कधी गरजच पडली नाही. तरीही २००१ सालच्या जुलै महिन्यात, भर पावसात, मी एका दिवसात चारशेच्या आसपास किलोमीटरची शर्यत धावलो आहे. धावलो म्हणजे डाव्या सीटवर बसून धावलो. माझ्या मांडीवर एक वही होती, हातात कॅलक्युलेटर आणि मनगटावर एचएमटीचं घड्याळ.

हा उद्योग सुरू झाला आमच्या मिस्त्रींमुळे. मिस्त्रींचं बोईसरला गॅरेज होतं. मुंबईत, लॅमिंग्टन रोडच्या एका गॅरेजात पोरसवदा वयात त्यांनी पाना हातात धरला. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसीचे कारखाने उभे राहिले, ट्रक वाढले, आणि ट्रक आले तिथे मिस्त्री आले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एका मोटारीचा वर्तमानपत्रातून कापलेला, पिवळा पडलेला फोटो होता. मोटार चिखलाने इतकी माखलेली की रंग कळू नये.

तो फोटो होता लंडन ते सिडनी मॅरेथॉनचा. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ मोटारी सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करत दिल्लीमार्गे त्या मुंबईत आल्या. इथवर पोचल्या त्या ७२. पुढे समुद्र. म्हणून मुंबईच्या बंदरात त्यांना ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढवलं आणि ऑस्ट्रेलियात उतरवून पुन्हा पळवलं. मुंबईच्या बोम्सी वाडियांची तुकडीही लोटस कॉर्टिना घेऊन त्यात उतरली होती. तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले मिस्त्री गॅरेजातून पळून बंदरावर त्या गाड्या बघायला गेले होते. परतल्यावर उस्तादाचा मार खाल्ला. तो मार ते फार कौतुकाने सांगत.

त्याहून कौतुकाने सांगत ती शेवटाची गोष्ट. ल्यूसियाँ बियाँकी नावाचा बेल्जियन चालक सित्रोएन गाडीत पहिला होता. त्याच वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यतही त्याने जिंकलेली. सिडनी अगदी जवळ आलेलं, आणि समोरून एक मिनी येऊन धडकली. गाडी त्या वेळी त्याचा साथीदार ओजिए चालवत होता. बियाँकी आत अडकला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने स्वतःच्या जिंकण्याचा विचार बाजूला ठेवून मदतीसाठी गाडी थांबवली. शर्यत जिंकला अँड्र्यू कोवन, एका साध्या हिलमन हंटर गाडीत. हॉपकर्क दुसरा आला. मिस्त्री म्हणायचे, ‘‘जिंकणाऱ्याचं नाव मी विसरतो, कविराज. थांबणाऱ्याचं विसरत नाही.’’

तर २००१ साली मुंबईकडच्या एका क्लबाने आमच्या भागात हौशी चालकांची रॅली ठरवली. मिस्त्रींनी ठरवलं, उतरायचं. गाडी केळव्याच्या एका वाडवळ मित्राची. त्याची पानवेलींची वाडी होती आणि वडिलांच्या वेळची १९८६ सालची पद्मिनी. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी हँडल गिअर. मित्र पाळीने चालवणार. मागच्या सीटवर हत्यारांची पेटी सांभाळायला मिस्त्रींचा भाचा, तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. राहिला नॅव्हिगेटर.

मिस्त्री थेट माझ्या टाइम ऑफिसात आले. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. पंचिंग कार्डं, शिफ्ट, ओव्हरटाइम, उशिरा येणाऱ्यांची मिनिटं. ते म्हणाले, ‘‘दिवसभर मिनिटं मोजता, रात्री मात्रा मोजता. आता एक दिवस आमच्यासाठी सेकंद मोजा.’’ बी. ए. ला माझं गणित नव्हतं, हे मी सांगून पाहिलं. भुजंगप्रयात ज्याला जमतं त्याला भागाकार जमतो, असं त्यांचं मत पडलं.

या शर्यतीचा प्रकार थोडा समजावून सांगायला हवा, कारण शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुसाट गाड्या येतात. इथे उघड्या रस्त्यावर, एसटी, बैलगाड्या आणि शाळेची पोरं यांच्यामधून जायचं असतं. म्हणून सर्वांत आधी पोचणारा जिंकत नाही. आयोजक एक रोडबुक देतात. कुठे वळायचं याच्या बाणांच्या आकृत्या आणि कोणत्या टप्प्याला ताशी सरासरी किती वेग ठेवायचा याचे आकडे त्यात असतात. वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. त्याच्यापाशी ठरल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर मिनिटामागे एक गुण दंड. लवकर पोचलात तर दुप्पट. मला हा नियम फार आवडला होता. आमच्या टाइम ऑफिसात लवकर येणाऱ्याला कुणी काही म्हणत नसे.

आमचा मार्ग होता पालघरहून वाघोबा खिंडीतून मनोर, पुढे विक्रमगड, जव्हार, मोखाडा, परत जव्हारवरून कासा, चारोटी, डहाणू, चिंचणी, बोईसर आणि पालघर. अशा दोन फेऱ्या. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. घरून निघताना अम्मीने आयतुल कुर्सी पढून माझ्यावर फुंकर घातली, आणि मग बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवरही घातली. मिस्त्रींनी हातातला नारळ तसाच धरून तिला पूर्ण होऊ दिलं, मग फोडला.

मनोरपर्यंत सगळं सुरळीत होतं. विक्रमगडच्या अलीकडे पावसाने असं झोडपलं की डेल्कोत पाणी शिरलं आणि गाडी आचके देत उभी राहिली. भाच्याने उडी मारली, झाकण काढून पुसलं, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला. चार मिनिटं. ही गाडी उन्हात उभी राहिली तर एसी पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि पावसात उभी राहिली तर डेल्को सुकवायचा, एवढं दुरुस्तीचं शास्त्र मीही त्या दिवशी शिकलो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी हळवे लेख लिहिले. मला त्या वेळी ती ट्यूबच आठवली.

गेलेली चार मिनिटं आम्ही जव्हारपर्यंत हळूहळू भरून काढली. मी आकडे सांगायचो, मिस्त्री ‘हां’ म्हणायचे. मला त्यात एक लय सापडली होती. वायपर, घड्याळाचा काटा, इंजिन. खोटं कशाला बोला, मला वाटू लागलं की गाडी मीच चालवतो आहे.

जव्हारच्या पुढे, मोखाड्याच्या दिशेने, आवणी चालू होती. बाया इरली घेऊन वाकलेल्या. पावसाच्या पडद्याआड त्या इरल्यांचे आकार हलताना दिसत होते, आणि मला एक ओळ सुचली. चांगली ओळ होती. मी ती मनात घोळवली, एक शब्द बदलला, पुन्हा घोळवली.

तेवढ्यात रोडबुकातली एक नोंद मागे पडली. त्या ठिकाणापासून पुढचे बारा किलोमीटर वेग ताशी ३६ वरून ३० वर आणायचा होता. वस्ती होती, वळणं होती, म्हणून आयोजकांनी तो उतरवलेला. मी मात्र ३६ नेच हिशेब करत राहिलो. नऊ किलोमीटर झाले तेव्हा घड्याळात अठरा मिनिटं झाली होती. माझ्या कागदावर पंधरा. मी म्हणालो, ‘‘मिस्त्री, तीन मिनिटं मागे आहोत.’’

खरं तर आम्ही सेकंदाला सेकंद बरोबर होतो. रस्ता आणि पाऊस बघून मिस्त्री आपसूक तीसनेच चालले होते. ‘‘असं कसं?’’ ते एवढंच म्हणाले, आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी गाडी दाबली.

नंतरच्या वळणावर रस्त्यावरून पाण्याचा ओहोळ वाहत होता. त्यातून गेलो आणि ब्रेकचे ड्रम भिजले. पलीकडे रस्त्याच्या मधोमध एक बाई, डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा, बाजूला तिचं लहान पोर. मिस्त्रींनी ब्रेकवर पाय दिला, पण गाडी थांबेना. त्यांनी गिअर खाली ओढला, हातब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे चरात घातली. ती बाई पोराला ओढून मागे सरली. भारा पडला. आमचं चाक त्या रोपांवरून गेलं आणि गाडी थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. पण इंजिन बंद झाल्यावर जी शांतता झाली ती मी अजून विसरलेलो नाही. पोर रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं.

आम्ही चौघे उतरलो. काय बोलावं कुणाला कळेना. चिखलातून रोपं गोळा करू लागलो. बाईने दारावर चिकटवलेला नंबर बघितला, आमच्याकडे बघितलं आणि तिच्या बोलीत विचारलं, एवढ्या घाईने कुठे निघालात? मित्र म्हणाला, पालघरला. आलात कुठून? तो म्हणाला, पालघरहून. तिने थोडा विचार केला. मग ती आणखी काही बोलली नाही. चेंगरलेल्या मुठी तिने वेगळ्या काढल्या, उरलेल्या आम्ही बांधून दिल्या. मिस्त्रींनी पैसे पुढे केले. तिने ते घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. रोपं फुकट उगवत नाहीत. मिस्त्रींनी भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला.

गाडी चरातून काढण्यात बराच वेळ गेला. पुढे तीन किलोमीटरवर घड्याळवाला माणूस बसलेला होता. आम्ही भलतेच उशिरा पोचलो. त्याने कारण विचारलं. मिस्त्री म्हणाले, ‘‘चूक माझी. पाण्यातून गेल्यावर ब्रेक सुकवून घ्यायचे असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.’’

मी गप्प राहिलो. तोवर मी रोडबुकाचं पान उलटून पाहिलं होतं. तिथे ३० चा आकडा स्पष्ट होता, पावसाचा थेंबही त्यावर पडलेला नव्हता.

मोखाड्याला चहा प्यालो, डहाणूला जेवलो. मी जेवलो नाही. पित्त झालं म्हणालो. दुसऱ्या फेरीत त्या जागी आलो तेव्हा गाडी मित्राच्या हातात होती. मी आधीच दोनदा सांगितलं, ‘‘इथून तीस.’’ बायका खाचरात वाकलेल्या होत्या. त्यांतली ती कोणती, ते ओळखू आलं नाही. घड्याळवाल्याकडे आम्ही त्या वेळी अचूक मिनिटाला पोचलो. मागून भाचा म्हणाला, ‘‘मामा, सकाळीही असंच जमलं असतं.’’ मिस्त्री ‘हां’ म्हणाले.

रात्री पालघरला पोचलो. बऱ्याच गाड्यांनी मध्येच सोडून दिलं होतं, त्यामुळे शर्यत पूर्ण करणाऱ्यांना मिळणारी प्रशस्तिपत्रकं आम्हालाही मिळाली. मिस्त्रींनी आपलं त्या पिवळ्या फोटोखाली लावलं. पण पुन्हा ते कुठल्या रॅलीत उतरले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, आता नजर गेली, हात गेला. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

अमेरिकेत २००६ पासून हौशी लोकांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. बिघडक्या गाडीला तिकडे लिंबू म्हणतात आणि ल मान्सच्या नावावर कोटी करून त्या शर्यतीला त्यांनी लिंबांचं नाव दिलं आहे. पाचशे डॉलरच्या आतली भंगार गाडी घ्यायची, चार-पाच मित्रांनी मिळून ती जिवंत ठेवायची. ट्रॅकवर बेशिस्त वागणाऱ्याला तिथले पंच सगळ्यांदेखत काहीतरी हास्यास्पद शिक्षा करायला लावतात. हे मी मिस्त्रींना वाचून दाखवलं तेव्हा ते खूप हसले. त्या दिवशी सांगून टाकावं असं मनात आलं होतं. गॅरेजात गिऱ्हाईक आलं आणि राहिलं. अशी गिऱ्हाइकं मला बरीच मिळाली. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, मी चाळिशी ओलांडली, दोन संग्रह निघाले, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये मिस्त्री गेले. मला त्यांच्या मातीलाही जाता आलं नाही.

ती ओळ मी कधी कागदावर उतरवली नाही. पाठ मात्र आहे.

गॅरेज आता भाचा चालवतो. हात मामासारखाच आहे. त्याच्याकडे फळीवर रेडिओ असतो, दिवसभर चालू. नवं गिऱ्हाईक आलं आणि त्याने भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक बघून विचारलं की भाचा त्याला रॅलीची गोष्ट सांगतो. रंगवून सांगतो. आणि त्या वळणापाशी आला की हमखास म्हणतो, ‘‘आमचा मामा एवढा कसबी माणूस, पण त्या दिवशी चुकला.’’ असं म्हणून तो साक्षीला माझ्याकडे बघतो. वीसेक वर्षं मी तिथे बाकावर बसून, हातात चहाचा ग्लास धरून मान डोलावत आलो आहे.

श्रोतेहो, हे भाषण लागेल तेव्हाही तो रेडिओ चालू असणार. उद्या सकाळी आठ वाजता मला तिथे चहाला जायचं आहे.