पिशवी गेली, विमा नाही गेला

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या बँक सखी ताईंनी सांगितलेला अनुभव. बऱ्याच ताईंनी मागणी केली म्हणून त्यांच्याच शब्दांत छापत आहोत.)



आज हप्ते, परतफेड, कर्ज प्रकरण यातलं काहीच बोलणार नाही. आम्ही सहा जणी पापड-मसाल्याचा माल घेऊन मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला गेलो होतो, ते तुम्हाला माहीत आहे. येताना काय झालं ते मात्र अर्धंमुर्धंच तुमच्या कानावर आलंय. कुणी म्हणतं ओळख लावली, कुणी म्हणतं मावशीचं नशीब. ओळखही नव्हती आणि नशीबही नव्हतं. काय होतं ते सांगते.

परतीचं तिकीट आपल्या गावातल्या ऑनलाइन सेंटरवरून काढलं होतं. सहा जणींचं मिळून एकच. त्याचा छापील कागद मावशीच्या पिशवीत, कारण त्या वयाने मोठ्या. रात्री आमचा डोळा लागला आणि पिशवी गेली. तिकीट, आधार कार्ड, मोबाइल, सगळं तिच्यातच. पहाटे स्टेशन आलं. मावशी दाराच्या पायरीवर होत्या आणि गाडी एकदम हलली. हात सुटला, खाली पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागलं.

दवाखान्यात मावशींच्या मुलाने विचारलं, "विमा वगैरे काही होता का?" सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. मला आठवलं, तिकीट काढताना सेंटरवाला म्हणाला होता, "विमा टाकू का? माणशी पंचेचाळीस पैसे." मी म्हटलं होतं, टाक बाबा.

हा विमा काय आहे ते आधी समजून घ्या. आयआरसीटीसीवरून ऑनलाइन तिकीट काढताना तो घ्यायचा की नाही ते विचारतात. रेल्वे अपघातात किंवा गाडीतून पडून मृत्यू झाला तर वारसाला 10 लाख, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरी 10 लाख, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी 2 लाखांपर्यंत. सीट पक्की किंवा आरएसी असली पाहिजे. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही.

आता आमच्या हातात कागदाचा तुकडा नव्हता. मुलगा म्हणाला, "जाऊ दे काकू, पुरावाच नाही." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण बँकेत बसून बसून एक गोष्ट शिकले आहे. पासबुक हरवलं म्हणून खात्यातले पैसे हरवत नाहीत. विम्याचंही तसंच. कागद ही नुसती नक्कल, खरी नोंद दुसऱ्याच्या दप्तरात असते. ती कुठे कुठे असेल हे शोधायचं.

पहिली नोंद सेंटरवाल्याकडे. त्याने खात्यात जुनी बुकिंगं उघडली. पीएनआर नंबर मिळाला, तिकीट परत छापून मिळालं. त्यावर भाड्याच्या हिशेबात विम्याची वेगळी ओळ होती, सहा जणींचे मिळून 2 रुपये 70 पैसे. विमा कंपनीचा मेसेजही सापडला, पॉलिसी नंबरासकट. पण तो त्याच्या फोनवर! नंबर त्याने स्वतःचाच टाकला होता. आमचा विमा आहे हे आम्हाला माहीत नाही आणि त्याला आठवण नाही.

दुसरी नोंद आपल्या गटाची. तिकिटाचे पैसे गटाच्या खात्यातून गेले होते, बँकेत तारीख-रक्कम होती. मावशींच्या आधारची झेरॉक्स गटाच्या फाइलमध्ये होती. आपण त्या फाइलला कंटाळतो ना, तीच कामी आली.

तिसरी नोंद रेल्वे पोलिसांची, आणि इथेच आम्ही फसता फसता वाचलो. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, "फलाटावर पडून जखमी." फलाटावर पाय घसरणं वेगळं आणि गाडीतून पडणं वेगळं. विमा गाडीतून पडण्याला आहे. आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. परत गेलो, जबाब दिला, "गाडीच्या पायरीवरून उतरताना पडल्या" असं लिहून घेतलं. चोरीची तक्रारही तिथेच दिली, म्हणजे कागद का नाहीत तेही नोंदलं गेलं. ताईंनो, घाबरलेलं असलं तरी सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा.

चौथी नोंद दवाखान्याची. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पक्की बिलं. मेडिकलमधून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांचे पैसे मिळाले नाहीत, ते खरं सांगते. बाकी खर्च मिळाला, पण चार-पाच चकरा आणि बरेच फोन झाल्यावर.

कंपनीने नाही म्हटलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर गप्प बसू नका. 155255 हा विमा नियामकाचा तक्रारीचा नंबर आहे. त्यानंतर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर जनरलच्या डब्याने जातो. त्यालाही कायदा आहे. रेल्वे अपघातात किंवा गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वेकडून 8 लाख भरपाई मिळू शकते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, मुंबई किंवा नागपूरला, एका वर्षाच्या आत. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो माणूस प्रवासी नव्हता असं म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग तो प्रवासी नव्हता हे दाखवणं रेल्वेचं काम.

एसटीच्या तिकिटातही अपघात सहाय्यता निधीचे पैसे धरलेले असतात. अर्धं तिकीट असलं तरी खाली उतरेपर्यंत टाकू नका. आणि सगळ्यात स्वस्त, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, मग बैलगाडीत असा नाहीतर विमानात. त्याचा पुरावा म्हणजे पासबुकातली 20 रुपये कापल्याची ओळ. विमा 1 जून ते 31 मे असा चालतो. मे अखेरीला खात्यात शिल्लक नसेल तर पैसे कापले जात नाहीत आणि विमा बंद पडतो. तेव्हा पासबुक भरून आणा आणि ती ओळ बोटाने शोधा.

शेवटी चार कामं सांगते.

तिकीट काढताना सेंटरवाल्याला आपलाच मोबाइल नंबर टाकायला सांगा.

विम्याच्या मेसेजमधली लिंक उघडून वारसाचं नाव भरा. आमच्या सहाही जणींचं कोरं होतं. मावशी वाचल्या म्हणून निभावलं, नाहीतर त्या मुलाला वारस दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या.

तिकिटाचा फोटो घरी राहणाऱ्या एका माणसाला पाठवा. फोन साधा असेल तर पीएनआर कागदावर लिहून घरी ठेवा.

आणि गटाच्या रजिस्टरमध्ये शेवटचं एक पान प्रवासासाठी ठेवा. कोण, कुठे, कधी, पीएनआर, विमा आहे की नाही, वारस कोण. पाच मिनिटांचं काम आहे.

मावशी आज सभेला आल्यात, काठी टेकत का होईना. येताना म्हणाल्या, "पोरी, पुढच्या सरसला मी येणार, पण तिकीट तुझ्या पिशवीत." मी म्हटलं, मावशी, ते आता कुणा एकीच्याच पिशवीत राहणार नाही.