पूर ओसरल्यानंतर : कोकणातील घरांची ओल आणि तिचा बंदोबस्त

(पावसाळ्याच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्याच सुमारास सावित्रीच्या पुराने महाडला वेढले. बाजारपेठा बुडाल्या, तळमजल्यावरील घरे पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळाचा थर उरला. त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे हात कोकणाकडे धावले. कोणी धान्य आणले, कोणी कपडे आणले, कोणी फावडी घेऊन परक्याच्या घरातील चिखल उपसला. महाराष्ट्राच्या माणुसकीचे ते दर्शन कोकणवासी विसरणार नाहीत.

परंतु मदतीची गर्दी परतल्यावर प्रत्येक कुटुंबापुढे एक दुसरे काम उभे राहिले आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. ते काम म्हणजे घर वाळवण्याचे. त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे पुरापासून अवघ्या ५० दिवसांवर. कोकणातील माणूस कितीही अडचणीत असो, गणपतीला घर रंगविल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, मखर सजायचे असते. अशा वेळी पुरात भिजलेल्या भिंतीवर घाईने गिलावा चढतो, पुट्टी लागते आणि वर झुळझुळीत रंग येतो. गणपती थाटात पार पडतात. दिवाळी येते न येते तोच रंगाला फोड येतात, गिलाव्याचे पोपडे पडतात, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि कर्ज काढून केलेला खर्च पुन्हा करण्याची पाळी येते. घर पाण्यातून बाहेर आले म्हणजे ते कोरडे झाले, हा समज या नुकसानीच्या मुळाशी आहे.

हवेतही पाणीच

घाटावरील एखाद्या गावात घरात पाणी शिरले, तर दारे-खिडक्या उघडून आठ-पंधरा दिवस वारा दिला की बराचसा निचरा होतो. कोकणात तसे होत नाही. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पूर येतो तोही याच महिन्यांत. त्या काळात हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे हवा स्वतःच पाण्याने इतकी भरलेली असते की भिंतीतील पाणी शोषून घेण्यास तिच्यात फारशी जागा उरत नाही. पावसाच्या झडीत उघडी ठेवलेली खिडकी पुष्कळदा ओल बाहेर नेण्याऐवजी आतच आणते.

त्यात येथील बांधकाम बहुधा जांभ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र असतो. पुराचे पाणी तो चिऱ्याच्या गाभ्यापर्यंत ओढून घेतो आणि ते सोडताना मात्र सावकाश सोडतो. ओली भिंत साधारणपणे महिन्याला एक इंच या गतीने वाळते, असा बांधकामातील जाणकारांचा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली, तरी या हिशेबाने तिला चार-साडेचार महिने लागतात. जुलैअखेर भिजलेली भिंत डिसेंबरच्या सुमारास कोरडी होणार आणि तिच्यावर रंग मात्र सप्टेंबरात चढणार, असा हा मेळ न बसणारा व्यवहार आहे.

समुद्राजवळच्या गावांत आणखी एक अडचण असते. खाडीच्या खाऱ्या वाळूने केलेल्या गिलाव्यात मीठ राहते आणि मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. पाण्याबरोबर हे क्षार पृष्ठभागावर येतात व भिंतीवर पांढरी भुकटी उमटते. तिलाच आपण लोणा म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला, तरी तो टिकत नाही.

पहिले दोन दिवस

पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकण्यापूर्वी भिंतींना तडे गेले आहेत काय, छप्पर झुकले आहे काय, हे बाहेरूनच पाहावे. मातीच्या भिंती भिजल्यावर दुबळ्या होतात आणि पाणी उतरल्यानंतरही कोसळू शकतात. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी. मात्र पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हाताने त्याला स्पर्श करू नये. भिजलेली वायरिंग व बोर्ड परवानाधारक वायरमनने तपासल्यावाचून प्रवाह सुरू करू नये. भिजलेला फ्रीज, पंप किंवा दूरदर्शन संच लावून पाहण्याचा मोह टाळावा.

गाळ ओला असतानाच धुऊन काढावा. वाळल्यावर तो घट्ट बसतो आणि त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. हे काम करताना पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे असावेत. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील जखमेवाटे शरीरात शिरतात. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, तर तो अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जावे आणि पुराच्या पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बुरशी मात्र एवढीही सवड देत नाही. भिजलेल्या वस्तूंवर ती २४ ते ४८ तासांत धरू लागते. म्हणून कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती टाकायची, याचा निर्णय पहिल्या दोन दिवसांतच घ्यावा लागतो. पुराचे पाणी सांडपाण्याने दूषित झालेले असते. त्यात भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा आणि फोम टाकून द्यावेत. भुशाच्या दाबफळ्यांचे कपाट एकदा फुगले की पुन्हा सरळ होत नाही. सागवानी वा फणसाच्या लाकडाचे जुने सामान मात्र वाचते. ते धुऊन सावलीत, जमिनीपासून उचलून, हळूहळू वाळवावे. कडक उन्हात ठेवल्यास ते तडकते. फुगलेला खण जोराने ओढू नये. कपाटाची मागील फळी काढून तो मागून ढकलावा.

जमिनीचे कागद, दाखले, गुणपत्रिका यांच्या पानांमध्ये टीपकागद घालून ती पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावीत. सर्वच कागद एकदम हाताळणे शक्य नसेल, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि पुढे सवडीने एकेक कागद वाळविता येतो.

काहीही फेकण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवरील पाण्याची खूण, भिजलेले सामान आणि यंत्रे यांची छायाचित्रे महसूल यंत्रणेच्या पंचनाम्याच्या वेळी आणि विमा असल्यास त्याच्या दाव्यासाठी उपयोगी पडतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी उपलब्ध केली आहे व तिच्यात पूर आणि वादळ यांचा समावेश आहे. कोकणातील घरधन्याने पावसाळ्यापूर्वी तिची माहिती करून घेणे हिताचे आहे.

भिंतीला श्वास घेऊ द्यावा

घर धुऊन निघाल्यावर खरे काम सुरू होते. पाण्याच्या खुणेच्या वर एक ते दीड फुटापर्यंतचा फुगलेला, पोकळ वाजणारा गिलावा आणि पुट्टी खरवडून काढावी. भिंत उघडीबोडकी दिसते, मन खट्टू होते. पण भिंतीतील पाण्याला बाहेर पडण्याची वाट यानेच मोकळी होते. सिमेंटचा दाट गिलावा आणि ऑइल पेंट ही वाट बंद करतात. बुरशी धरलेली जागा साबणाच्या पाण्याने घासून पुसावी आणि मग जंतुनाशक द्रावण लावावे. नुसते द्रावण शिंपडल्याने वरचा डाग जातो, आतील ओल तशीच राहते आणि बुरशी पुन्हा उगवते. ब्लीचिंगचे द्रावण व संडास साफ करण्याचे ॲसिड एकमेकांत कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. तसेच बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंती सुकविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

भिंत वाळली की नाही, हे हात लावून कळत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. एका दिवसानंतर त्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर भिंतीत अजून पाणी आहे असे समजावे.

यंत्रे आणि जाणकार

शहरांत हे काम व्यवसाय म्हणून करणारी पथके आता मिळू लागली आहेत. त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम ती ओलावामापकाने भिंती, फरशी आणि लाकूडकाम तपासतात. त्याच घरातील न भिजलेली, त्याच दगडाची किंवा विटांची भिंत ही त्यांची तुलनेची कसोटी असते. मग साचलेले पाणी उपसून, निकामी झालेले साहित्य काढून, खोली बंद करून त्यात आर्द्रताशोषक यंत्र आणि जोरदार पंखे लावले जातात. या यंत्रात हवा थंड नळ्यांवरून जाते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साचते आणि कोरडी हवा खोलीत परत येते. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली की भिंत अधिक वेगाने पाणी सोडते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली उतरला की ते कुजण्याचा धोका टळतो. दररोज मापे घेऊन त्यांची नोंद ठेवली जाते आणि मापे सांगतील तेव्हाच गिलाव्याला हात घातला जातो. हवेच्या भरवशावर महिने घेणारे काम अशा रीतीने काही आठवड्यांवर येते.

हे यंत्र चालू असताना खिडक्या उघड्या ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. उलटपक्षी, यंत्र नसेल तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलेल्या दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि सायंकाळी किंवा सर येताच त्या बंद कराव्यात.

प्रत्येक कुटुंबाला असे पथक बोलावणे परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु एखादी ग्रामपंचायत, गृहनिर्माण संस्था किंवा महिला बचत गटांचा संघ मिळून चार-दोन यंत्रे आणि एखादा ओलावामापक ठेवू शकतो व गरजेप्रमाणे घरोघरी फिरवू शकतो. गावातील गवंडी, सुतार आणि वायरमन यांना या कामाचे प्रशिक्षण मिळाले, तर पुराच्या वर्षी लोकांची सोय होईल आणि त्यांनाही काम मिळेल.

जुन्या घरांची शिकवण

ओलीशी झुंजणे कोकणाला नवे नाही. उंच जोते, पुढे आलेली वळचण, पावसाच्या तोंडच्या भिंतीला बांधलेले झावळ्यांचे झाप आणि भिंतीवर चुन्याची सफेती ही त्या झुंजीची साधने होती. स्वयंपाकघरातील चुलीची ऊब आणि धूर कौलांतून वर जाई व वासे कोरडे ठेवी. चूल गेली हे गृहिणींच्या डोळ्यांच्या व फुप्फुसांच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण कौलांच्या जागी स्लॅब आणि चुन्याच्या जागी सिमेंट आले, तेव्हा घरातील ओल बाहेर जाण्याच्या वाटाही बुजल्या. नव्या घरात त्या वाटा समजून-उमजून ठेवाव्या लागतील.

त्यातील चुन्याची सफेती तर आजही हाताशी आहे. पुरानंतरच्या गणपतीला भिजलेल्या भिंतीवर पुट्टी व रंग न चढविता, खरवडलेल्या भागावर चुन्याचा हात द्यावा. चुना भिंतीचा श्वास अडवीत नाही, बुरशीला सहजी थारा देत नाही आणि घर उजळ दिसते. गिलावा आणि रंग थंडीतील कोरड्या हवेत, भिंत प्लॅस्टिकच्या परीक्षेला उतरल्यावर करावेत.

ज्या घरात दमेकरी आहे, तान्हे मूल आहे, वयोवृद्ध आईवडील आहेत, त्या घरात ही ओल केवळ भिंतीपुरती राहत नाही. कुबट, बुरशीच्या हवेत श्वास घेण्याचा त्रास प्रथम त्यांनाच होतो. पाहुण्यांच्या दृष्टीला भिंत चार महिने ओबडधोबड दिसली तर त्यात कमीपणा नाही. गणरायाला चुन्याने सारवलेली साधी भिंतही चालते. त्याच्यापुढे आरतीला उभ्या राहणाऱ्या लहानथोरांना मात्र कोरडे, निरोगी घर हवे असते. येत्या पावसाळ्यात पाणी दारापर्यंत न येवो, हीच सर्वांची इच्छा. पण आलेच, तर ते ओसरल्यावर भिंत वाळण्यासाठी लागणारा धीर प्रत्येक घराने धरावा आणि तो धरणाऱ्या घराला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी साथ द्यावी.