हरणाऱ्या संघाच्या बाजूने



या व्यासपीठावर संतवाङ्मय, पाणी, शेतीमालाचे भाव अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते. तेथे मी उभा राहून चेंडूफळीच्या गोष्टी सांगणार म्हटल्यावर चालकांपैकी एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांना मी दोषही देत नाही. परंतु माणूस आपल्या लोकांशी पडत्या काळात कसा वागतो हे पाहायचे असेल तर खेळाच्या मैदानाइतकी उघडी जागा दुसरी नाही. घरात माणूस सांभाळून बोलतो. मैदानावर तो मनात असेल ते बोलून टाकतो.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या खानदेशात मॅनेजर म्हटला की एक तर बँकेतला डोळ्यांपुढे येतो, नाहीतर तमाशाच्या फडाचा. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, त्याला शिकवणारा आणि डावपेच ठरवणारा मनुष्य. आपण त्याला प्रशिक्षक म्हणतो. तो स्वतः चेंडूला पायही लावीत नाही, आणि तरीही अकरा जणांनी केलेल्या चुका त्याच्या एकट्याच्या नावावर मांडल्या जातात. संघ जिंकला की खेळाडूंना खांद्यावर घेतात. हरला की याला शोधतात.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाची हकीकत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९७१ साली मी येथे शाळेत होतो. त्या वर्षी अजित वाडेकर भारताच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने झाले. त्यांनी आधी वेस्ट इंडीजला तिच्या घरी हरवले आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडला त्याच्या घरी हरवले. त्या दौऱ्याचे मॅनेजर होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. वर्तमानपत्रातला वाडेकरांचा फोटो मी कापून माझ्या गणिताच्या वहीवर डकवला होता. इंदूरला लोकांनी त्या विजयाचे स्मारक म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली.

तीन वर्षांनी, १९७४ च्या जूनमध्ये, तोच कर्णधार आणि तेच मॅनेजर पुन्हा इंग्लंडला गेले. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सगळा संघ ४२ धावांत बाद झाला. तिन्ही कसोटी सामने आपण हरलो. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या बॅटीला काळे फासण्यात आले. आणि नंदुरबारात एका चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या वहीवरचा फोटो नखाने खरवडून काढला. तो मुलगा मी. माझ्या हातून दगड पडला नाही याचे कारण केवळ भूगोल. मुंबई दूर होती.

वयाने शहाणपण येते असे म्हणतात. माझ्याकडे ते उशिरा आले. पुष्कळ वर्षांनी मी त्या दोन दौऱ्यांचे कागद समोरासमोर ठेवून पाहिले. १९७१ चे कसोटी सामने जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टात संपले. म्हणजे इंग्लंडच्या उन्हाळ्याचा कोरडा उत्तरार्ध मिळाला. १९७४ चे सामने जूनच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. थंडी, ओल, चेंडू हवेत वळतो आहे, आणि आपले फिरकी गोलंदाज हातांना ऊब आणीत उभे. ज्या चंद्रशेखरने ओव्हलवर ३८ धावांत ६ गडी टिपले होते, त्याचा अंगठा लॉर्ड्सच्या त्याच सामन्यात दुखावला आणि त्याला जेमतेम साडेनऊ षटके टाकता आली. दुसरीकडे, १९७१ साली मँचेस्टरला चारशेवीस धावांचे ओझे डोक्यावर घेऊन आपले ३ गडी ६५ धावांत गेले होते, आणि शेवटच्या दिवशी पाऊस आला म्हणून आपण सुटलो. तो पाऊस त्या दिवशी आला नसता तर ओव्हलचा विजय मालिकेचा विजय झालाच नसता. वाडेकर १९७१ साली जितके थोर आम्ही मानले तितके नव्हते, आणि १९७४ साली जितके नालायक ठरवले तितके तर मुळीच नव्हते. संघात त्या दौऱ्यावर धुसफूस होती, हेही खरे आहे. ते मी झाकत नाही. परंतु घरावर पडलेले दगड त्या धुसफुशीसाठी नव्हते. ते ४२ या आकड्यासाठी होते.

वाडेकरांना पुढे पश्चिम विभागाच्या संघातही घेतले नाही, आणि त्यांनी खेळणे सोडले. हा माणूस त्यानंतर स्टेट बँकेत नोकरी करीत राहिला, आणि १९९० नंतरच्या वर्षांत भारताच्या संघाचा मॅनेजर होऊन परत आला. १९९३ च्या आरंभी इंग्लंडचा संघ येथे आला तेव्हा आपला संघ दक्षिण आफ्रिकेत हरून आलेला होता, आणि अझरुद्दीनच्या कर्णधारपदाची पानगळ कधी होते याची लोक वाट पाहत होते. अझरुद्दीनने कलकत्त्याला १८२ धावा काढल्या आणि इंग्लंड तीन शून्याने हरले. १९७४ चा आकडा उलटा फिरला. ज्याच्या स्वतःच्या घरावर दगड पडले होते, तो मनुष्य डळमळीत कर्णधाराच्या खोलीत जाऊन काय बोलला असेल, याची मला फार उत्सुकता आहे. तीनच वर्षांनी, १३ मार्च १९९६ ला, त्याच कलकत्त्यात विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेपुढे आपला डाव १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसने पेटवली, आणि पंचप्रमुख क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. आपला विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. मॅनेजर वाडेकरच होते. एका आयुष्यात दोनदा!

आता फुटबॉलकडे वळतो, कारण विषयाचे मूळ तेथे आहे.

हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. मास्तर म्हटले की माझा पक्षपात होतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. आणि पुढच्याच वर्षी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाकडून तो दहा विरुद्ध एक असा हरला. थंडगार ओल्या गवतावर आपले पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळत होते. दहा गोल! आपल्या गल्लीतही एवढे होत नाहीत.

त्या दिवशी रहीमसाहेबांना कायमचे घरी पाठवले असते तर कोणी हळहळले नसते. परंतु १९५६ साली मेलबर्नला संघ त्यांच्याच हाती होता. तेथे मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. भारतीय फुटबॉल त्याच्या वर कधी चढला नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी दोन शून्याने हरला. बचावातला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडल्यामुळे हेडिंग करायच्या अवस्थेत राहिला नाही, तर रहीमसाहेबांनी त्याला बसवून न ठेवता उपांत्य आणि अंतिम सामन्यात पुढच्या फळीत घातले, आणि दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच कोरिया. राजकारणामुळे चिडलेले जकार्ताचे लाखभर प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर लोक होते, आणि त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असे त्या वेळच्या खेळाडूंनी पुढे सांगितले. भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. रहीमसाहेबांना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग होता. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट २०२४ साली निघाला. म्हणजे आम्हाला आठवण यायला साठ वर्षे लागली.

आता तुम्ही म्हणाल, की मास्तर, हरणाऱ्याला ठेवायचेच असे का तुमचे म्हणणे आहे? तसे नाही. आपल्या घरचाच दाखला घ्या. आखाजी आता तोंडावर आली आहे. आखाजीला आपल्याकडे सालदार ठरतो. साल ठरते ते आखाजी ते आखाजी. आषाढात पाऊस लांबला, श्रावणात मिरचीवर रोग आला, म्हणून कोणी शहाणा शेतकरी सालदाराला बांधावरून हाकलून देत नाही. पाऊस त्याच्या हातात नव्हता हे शेतकऱ्याला कळते. मात्र बैल उपाशी ठेवला, मोटार चालू ठेवून झोपला, तर मग साल पुरे होण्याची वाट पाहायचे कारण नाही. कोणता दोष आभाळाचा आणि कोणता माणसाचा, हे पथारीवर मिरची वाळवणाऱ्या माणसाला जितके समजते तितके मोठमोठ्या क्लबांच्या धन्यांना समजत नाही.

हे मी थट्टेने बोलत नाही. हॉलंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ ते २००४ या काळातले तेथील फुटबॉलचे निकाल तपासले. हरणाऱ्या संघाने मॅनेजर बदलला की निकाल सुधारतात, हे दिसले. पण तितकेच हरणाऱ्या ज्या संघांनी मॅनेजर बदलला नाही, त्यांचेही निकाल सुधारतात, हेही दिसले. सर्दीचे तसेच आहे. औषध घेतले तर सात दिवसांत जाते, न घेतले तर आठवड्यात. औषधवाल्याचा मात्र नावलौकिक होतो.

महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. खालिद जमील यांनी मुंबई एफसी हा संघ सात वर्षे सांभाळला. पैसा बेताचा, तारे नाहीत, कूपरेजवर प्रेक्षकही बेताचे. पण संघ वरच्या लीगमधून कधी खाली घसरला नाही. घसरत नाही ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. २०१६ साली क्लबने त्यांना मोकळे केले. ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात खाली घसरलेला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगला एक एक अशी बरोबरी करून तो आय-लीगचा विजेता झाला. त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटचा आला, आणि त्यानंतर तो क्लबच राहिला नाही.

हेच जमील १ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा संघ अगोदरच खोल पाण्यात होता. ऑगस्टच्या अखेरीस ताजिकिस्तानला त्याच्या घरी हरवले, सप्टेंबरमध्ये स्पर्धेत तिसरे आले, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरने दोन विरुद्ध एक असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशाकडूनही हरले. दहा आठवड्यांपूर्वीच्या टाळ्या देणारे हातच आता दगड शोधत होते. मला माझी गणिताची वही आठवली.

कोल्हापूरला हा रोग कमी आहे, असे माझे निरीक्षण आहे. तेथे फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा आहे. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार ही नावे तुम्ही ऐकली असतील. शाहू स्टेडियमवर हाणामाऱ्याही होतात, त्यांचे मी समर्थन करीत नाही. पण आपला संघ चार सामने हरला म्हणून पाटाकडचा मनुष्य दुसऱ्या तालमीचा झेंडा घेत नाही. घेणार कसा? पेठ बदलता येत नाही. तो आपल्या खेळाडूला शिव्या देतो, आणि संध्याकाळी त्याच्याच घरासमोर बसून त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. शिवी देणारा आणि चौकशी करणारा एकच असला की शिवीला विष राहत नाही.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा सरकारने संकल्प केला होता, तेव्हा सातपुड्यातल्या शाळांतही चेंडू गेले. बहुतेक चेंडूंची हवा पुढे गेली. एका शाळेत ती गेली नाही. त्या शाळेचे नाव सांगत नाही, कारण मुले लाजतील. त्यांचा संघ मध्यंतरी येथे खेळायला आला आणि सात शून्याने हरला. त्यांचे मास्तर, वय असेल तीस, बाजूला उभे होते. मागे बसलेली आपली काही प्रतिष्ठित मंडळी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "याला कशाला ठेवलाय?" मीही त्याच बाकावर बसलो होतो. मी काही बोललो नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर तेच मास्तर मैदानावर फक्कीची पाटी घेऊन ओणवे. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा सामना व्हायचा होता आणि रेषा पुसल्या होत्या. एकट्याने दोरी सरळ राहत नव्हती. मी दुसरे टोक धरले. त्यांनी विचारले, "काल तुम्ही होतात ना?" मी हो म्हटले. "पाच नंबरची मुलगी पाहिलीत? सातवा गोल झाल्यावरही ती चेंडूमागे पळत होती." मी पाहिली नव्हती. त्या वेळी मी शेंगा खात होतो.

तो सामनाही ते हरले, तीन एकने. ती एक त्या पाच नंबरच्या मुलीची. यंदा पावसाळ्यानंतर ती मुले पुन्हा येणार आहेत, मास्तर तेच आहेत. तारीख ठरली की या सभागृहाच्या फळ्यावर लिहिण्याची चालकांनी मला परवानगी दिली आहे.